मागून येताना

सेनेघे, सार्डिनिया
८ जुलै १९८६

प्रिय गाविनास,
बोनारियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मठाच्या शाळेतून परतताना आपण कुंपणाच्या भिंतीवर बसायचो, आठवतं? डब्यात उरलेला पाव बाबांच्या घोडीला द्यायचो. तू तळवा सपाट धरायचीस. मी बोटं मिटायचे आणि घोडी मला चावायची. सिस्टर आन्सेल्मा म्हणायच्या, या बोनारियाला ना भूमिती कळते, ना घोडा.

तुझी नात लिया सुखरूप पोचली. ऑगस्टच्या जत्रेत मुलांची घोडदौड असते, तिच्यात तिला उतरायचंय. सोबत आलेली तिची आई म्हणते, आजीचा होकार आला तरच. रिकिबीत पाय अडकून तू घोडीमागे विहिरीपर्यंत फरफटत गेलीस, ते मी विसरलेले नाही. त्यानंतर तीस वर्षं तू गावाकडे फिरकली नाहीस, तेही नाही. म्हणून आग्रह करत नाही. फक्त कालचं सांगते.

मी चुलीपाशी होते. तबेल्यातून आवाज आला, मी आहे गं, मीच आहे. अगदी तुझा! वेड्यासारखं मी आपल्या दोघींसाठी दोन ताटल्या मांडल्या. जाऊन बघते तर लिया. घोडीच्या पाठीवर हात ठेवून, बोलत बोलत तिच्या मागून पलीकडे जात होती. हे कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, आजी उकळतं पातेलं घेऊन कुणाच्याही मागून जाताना असंच म्हणते.

लोभ आहेच; एकदा इकडे येऊन दाखव.
तुझी ताई

तुरीन
१९ जुलै १९८६

प्रिय बोनारियाताईस,
गाविनाचा नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर माझ्या खोलीत होते. जावई म्हणाला, सासूबाई रुसल्या वाटतं. रुसले कुठली! तबेल्याचा वास आठवत बसले होते.

लियाला माझा होकार सांग. पण लगामाचा दोर हाताला गुंडाळायचा नाही. रिकिबीत नुसता चवडा टेकवायचा, पाऊल आत सरकू द्यायचं नाही. हेल्मेट इथून पाठवते आहे. उकडतं म्हणून कुरकुरली, तर म्हणावं, आजी कशी लंगडते ते आठव.

अशीच जीव लावत राहा.
तुझी गाविना

ता. क. माळ्यावरच्या पेटीत माझे घोड्यावर बसायचे टाचेचे बूट आहेत, ते लियाला दे. बिनटाचेचे घालून तिला चढू देऊ नकोस. माझं खोगीर शेजारच्या तोनियोच्या मुलीला दे. माझा पाय अडकला होता ती डावी रिकीब मात्र लोहाराला देऊन टाक, वितळवू दे.

आणि ती दुसरी ताटली कुणालाच देऊ नकोस. जत्रेला मी येते आहे. तू चुलीशी पाठमोरी असशील. दचकू नकोस, मी आवाज देईन.