यांच्या नावाची हाक

बिशान, सिंगापूर

ती. सुलेखाताई,
साष्टांग नमस्कार.

लेकीकडे मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

राजसने नैरोबीहून शेजारच्या युगांडाच्या वर्क व्हिसासाठी अर्ज केलाय. त्याने पाठवलेला इंग्रजी अर्ज शब्दकोश घेऊन मीच तपासला. पासपोर्ट तिथल्या युगांडाच्या वकिलातीत जमा आहे, त्यामुळे यांच्या वर्षश्राद्धाला त्याला येता येणार नाही. इथे लेकच, अनघा, करील सगळं.

वकिलातीच्या खिडकीवर त्याला मधल्या, म्हणजे वडिलांच्या नावाने पुकारलं, मिस्टर चंद्रशेखर. "आई, मी मागे वळून पाहिलं गं," म्हणाला.

"मग चूक सांगितलीस का?"

"नाही. राहू दे."

ताई, मी तर यांचं नाव कधी घेतलं नाही. वर्षभर ते कानावरही पडलेलं नाही. राजसला मुलाखतीला परत बोलावलंय. तेव्हा पुकारा होईपर्यंत फोन चालू ठेव, असं मी त्याला सांगितलंय.

तुझी धाकटी,
वासंती