जिनिंग वसाहत, इमारत चार

८ एप्रिल
आजपासून अकोलेकर! अमरावतीहून बदली झाली आणि शाळेपासून दहा मिनिटांवर तळमजल्याची जागा मिळाली. अगदी भरवस्तीत. समोर भाजीबाजार, मागे रेल्वेचे रूळ, मधे आमच्या सहा पिवळ्या इमारती. घर सासूबाईंनी पसंत केलं. त्यांचं माहेर इथलंच. शेखर सध्या वरूडलाच राहणार, संत्र्याचा माल संपेपर्यंत. शेजारच्या रजियाबींनी माठातलं गार पाणी आणून दिलं. जीव सुखावला.

११ एप्रिल
शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. इथे भर उन्हातही सगळ्यांची दारं सताड उघडी, ती लागू नयेत म्हणून दगड लावलेले. रजियाबींना कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, इथे पूर्वी जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. साठ वर्षांपूर्वी भर दुपारी कापसाच्या गोदामाला आग लागली. बाकीचा माल वाचावा म्हणून कोणीतरी बाहेरून कडी घातली. आत सात बाया होत्या. गोदाम होतं तिथेच आपली ही इमारत. कडी कोणी घातली, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.
सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

१७ एप्रिल
पारा पंचेचाळीसवर. कूलर लावायचा म्हणून दार लोटलं. एक वाजता थापा पडल्या. उघडलं तर बाहेर कोणी नाही. पुन्हा लावलं, पुन्हा थापा. सासूबाई म्हणाल्या, बाहेरून नाही, आतून वाजतंय.
खरंच. थापा दाराच्या आपल्याच बाजूने पडत होत्या.

१९ एप्रिल
दार उघडंच ठेवते. तरी एक वाजला की सासूबाई उठतात आणि ते लावून घेतात. आज विंचरताना त्यांच्या केसांत कापसाचे तंतू निघाले, कडेला जळलेले. शेखरला फोन केला. तो हसला. उन्हाचा त्रास, म्हणाला.

२० एप्रिल
आज त्या बोलल्या. "कडी माह्या बापानं लावली. मुकादम होता तो. आतून थापा वाजत होत्या, तरी लावली. मरेपर्यंत दुपारचा झोपला नाही."
इथे घर का घेतलं, विचारलं. म्हणाल्या, कोणीतरी माफी मागायले पाहिजे ना.
उद्या त्यांना वरूडला पाठवते. हट्ट केला तरी.

२१ एप्रिल
बॅग भरली होती. पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात दार लागलं — कडी बाहेरून. बाहेर रजियाबी ओरडताहेत, कडी निघत नाही म्हणून. खिडकीही —

एक वाजून गेला. भिंती तापल्यात. फोन लागत नाही. दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहिते आहे, लिहिलं की —

सासूबाई आतल्या खोलीत कोणासमोर तरी हात जोडून बसल्या आहेत. "मले ठेवा. सुनेले सोडा, तिचा काई कसूर नाही."

उत्तर आलं. सगळ्या जणी एकदम बोलल्या. त्या म्हणाल्या, आमचा तरी काय