दोनतीन तास

३ मार्च, सकाळी.
लिहिता येत नाही म्हणून फोनला सांगतेय, तो लिहून घेतो. वाचणार कोण? मीही नाही. ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखम होते आणि ती जिवावर बेतते, असं नर्सबाई म्हणाल्या. रात्री मुलगा बघतो, दिवसा मी. मी घाबरलेली नाही. दुपारी झोपायची सवय मला नाहीच.

संध्याकाळी.
नातीने प्रोग्रॅम लिहिला. किती वेळ ते मी बोलायचं, तो त्याचे सेकंद करणार आणि वेळ झाली की वाजणार. म्हटलं, "जरा वेळाने." लगेच बोंबलला! दचकून हातातला पेला पडला. नात म्हणाली, "आजी, त्याला कळलं नाही की तो शून्य धरतो. चूक माझी." म्हटलं, कळलं नाही तर विचारावं, एवढं तुला कॉलेजात कुणी शिकवलं नाही?

४ मार्च.
आता विचारतो, "जरा म्हणजे किती?" अगदी माझ्या सासूबाई. दीड, अडीच, पावणेदोन मी शिकवलं त्याला. म्हणजे मी सांगितलं, तिने टाइप केलं. मला गरज नाही, पण पोरीचं मन कशाला मोडा.

६ मार्च, दुपारी दीड.
ह्यांना डाव्या कुशीवर केलं. फोनला म्हटलं, दोनतीन तासांनी वाज. दोनतीन म्हणजे दोनच की. मुकाट्याने ऐकलं. पाच मिनिटं डोळे मिटते. झोप नव्हे, विचार.

संध्याकाळी सात.
नात आली तेव्हा हे तसेच, डाव्या कुशीवर. पाच तास! खुब्यावर लाल डाग. बोटाने दाबला, लाली हटेना. फोनने दोन आणि तीनच्या मधे रेघ काढली होती, २-३ अशी; प्रोग्रॅमने ती पुसली, राहिले २३, आणि धरले तेवीस तास. नात रडायला लागली, "मी तपासायला हवं होतं." मी मोठ्याने म्हटलं, मेलं यंत्रच खोटं.

७ मार्च, सकाळी.
नर्सबाई म्हणाल्या, कातडी फुटलेली नाही, थोडक्यात वाचलात. आता प्रोग्रॅम दोन तासांच्या वर काही ऐकूनच घेत नाही.
ह्यांना विचारलं, जागे होतात ना, मग हाक का नाही मारलीत? त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. म्हणाले, "तू... घोरत होतीस. महिन्यात... पहिल्यांदा."
मी घोरत नाही, असं म्हणणार होते. तोंड उघडलं आणि रडूच आलं. नातीला बोलावून सांगितलं, चूक तुझी नव्हे गं. दुपारी माझ्याच्याने जागं राहवत नाही. एखादी बाई बघा.