दर कासवामागे साडेसव्वीस

३ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

लढा सुरू.

काल पहिलं कासव ऑनलाइन विकलं गेलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवायला ठेवायचं कापडी कासव. पोटात वाळू, पाठीवर सहा रंगांचे तुकडे. शिवते बायको. बाकी सगळं मी बघतो, म्हणजे दुकानाचं नाव, धोरण आणि पासवर्ड. एकवीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर कारखान्याने मला 'स्वेच्छेने' निवृत्त केलं. तेव्हापासून मी डायरेक्टर.

गिऱ्हाईकाने साडेपाचशे मोजले. माझ्या खात्यात चारशे साडेतेहतीस आले. पन्नास विक्रीकर म्हणून वेबसाइटने परस्पर ठेवून घेतले. चाळीस कमिशन. आणि साडेसव्वीस 'पेमेंट प्रोसेसिंग फी', म्हणजे तीन टक्के आणि वर दर ऑर्डरला दहा. गंमत अशी की तीन टक्के पाचशेवर नाहीत, साडेपाचशेवर आहेत. कर सरकारचा आणि तो वाहून न्यायची हमाली माझ्याकडून.

मुलगी म्हणाली, सगळ्याच विक्रेत्यांचे कापतात. मी म्हटलं, म्हणून तर कोणीतरी उभं राहायला हवं. ती कॉलेजला निघून गेली.

बायकोच्या मशीनची सुई जाड कापडात मोडते. गेल्या आठवड्यात अर्धी सुई तिच्या अंगठ्यात गेली. अवजड शिलाईचं मशीन बावीस हजारांना आहे. ३१ मार्चच्या आत ते घरात आणायचं. तिला शब्द दिला आहे. इथे लिहूनही ठेवतो, म्हणजे मला फिरवता येणार नाही.

५ फेब्रुवारी

वेबसाइटला चौदा मुद्द्यांचं पत्र पाठवलं. चार मिनिटांत उत्तर: 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

घाबरलेत.

९ फेब्रुवारी, दुपार

मेव्हणा आला होता. टॅक्सची कामं करतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला टक्केवारी म्हणतो. त्याचं म्हणणं, तो पन्नास कर गिऱ्हाईक देतं, वेबसाइट गोळा करते, वेबसाइटच सरकारात भरते. भावजींना काही करावंच लागत नाही, उलट डोक्याचा ताप वाचला.

नोकरदार वृत्ती. ज्याच्या कासवावर कर बसतो त्याला काही करावं लागत नाही, हे मला पटत नाही. टक्केवारी चहा पिऊन उठला. जाताना बहिणीशी दारात बराच वेळ बोलत होता. माझ्या मुद्द्यांवर विचार करत असावा.

निर्णय: जे कापतात ते किमतीतच घालायचं. आजपासून कासव सहाशे सतरा.

१७ फेब्रुवारी

आठ दिवसांत विक्री शून्य. आता गिऱ्हाईकाला करासकट पावणेसातशेच्या वर पडतं, असं मुलगी म्हणाली. त्याचा काही संबंध नाही. या दिवसांत वाराच नसतो, दारं आपटत नाहीत.

२१ फेब्रुवारी, सकाळ

सापडलं! तीनशेच्या आतल्या वस्तूवर कमिशन नाही. नियम अगदी तळाशी बारीक अक्षरात दडवला होता. पण एकवीस वर्षं ज्याने पावत्या वाचल्या, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

तर मग कासव दोन भागांत विकायचं. पोट अडीचशे, पाठ अडीचशे. गिऱ्हाईकाने दोन्ही घ्यायची आणि घरी बटणं लावायची. बायकोने विचारलं, प्रत्येकाला आठ बटणं आणि आठ काजं कोण करणार? मी म्हटलं, लढ्यात थोडं सोसावं लागतं. तिने बटणांचा डबा धाडकन समोर ठेवला. पटलं असणार.

१ मार्च

पोट आणि पाठ या दोन वेगळ्या ऑर्डरी धरल्या जातात, त्यामुळे वरचे दहा दोनदा कापले जातात. हे कुठेही ठळकपणे लिहिलेलं नव्हतं.

शिवाय एका बाईने फक्त पाठ घेतली. एक स्टार दिला आणि लिहिलं, 'आत कासव नव्हतं.' मी उत्तरात लिहिलं की फोटो नीट पाहून घ्यायची जबाबदारी आपली होती. तिने तो एक स्टारही काढून घेता येतो का, असं विचारलं.

दोन भागांची योजना तात्पुरती स्थगित. कासव पुन्हा अखंड, पुन्हा पाचशेला. ही माघार नाही. सहा कासवांची बटणं बायकोने उसवली.

४ मार्च

नवा डाव. महिन्यात वीस ऑर्डरी झाल्या की 'विश्वासू विक्रेता' असा बिल्ला मिळतो आणि कमिशन निम्मं होतं. नातेवाईक कशासाठी असतात? सगळ्यांना फोन केले. त्यांनी कासव मागवायचं, मी ते पाठवायचंच नाही, दोन दिवसांनी पैसे परत करायचे. कोणाचं काही जात नाही.

चौदा जण तयार झाले. त्यातली आत्या मात्र म्हणाली, मला खरंच हवंय, बाथरूमचं दार उघडं राहत नाही. तिला पाठवलं.

१० मार्च, रात्री नऊ

चौदाही जणांना पैसे परत केले. आत्यालाही चुकून केले. आता कासवही तिच्याकडे आणि पैसेही.

आणि हे ऐका. पैसे परत केले तरी प्रोसेसिंग फी परत मिळत नाही! चौदा वेळा साडेसव्वीस. तीनशे एकाहत्तर. एक वाळूचा कण न हलवता. याला दरोडा नाही तर काय म्हणायचं?

संध्याकाळी मेल आला. 'संशयास्पद व्यवहारांमुळे आपलं दुकान बंद करण्यात येत आहे.' ठीक आहे. मीच सोडणार होतो.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, बंद म्हणजे तुमच्या नावाचं दुकान बंद, की या घरातून कोणालाच विकता येणार नाही? मी म्हटलं, माझ्या नावाचं. मला धीर द्यायला म्हणून विचारलं असावं.

१४ मार्च

स्वतःची वेबसाइट! ना कमिशन, ना फी. पैसे थेट बँकेत. बनवणाऱ्याने बारा हजार घेतले. महाग वाटला, पण स्वातंत्र्याला किंमत नसते हे मी त्याला सांगितलं. त्यानंतर त्याने भाव कमी केला नाही.

हल्ली कुरिअरवाला रोज सकाळी येतो आणि दोन-दोन खोकी घेऊन जातो. बायको माहेरी काहीबाही पाठवत असेल. विचारायला वेळ नाही.

१९ मार्च

विजय. शहराबाहेरच्या लॉजवाल्याने चाळीस खोल्यांसाठी चाळीस कासवं मागवली. थेट माझ्याकडून. वीस हजार, अधिक दहा टक्के कर दोन हजार. कर मीच लावला, मीच घेतला. आता मधे कोणी नाही.

पैसे आधीच आले. बायको आणि मुलगी शिवायला बसल्या आहेत. त्यांना त्रास नको म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसलो.

२७ मार्च, सकाळी अकरा

चाळीस कासवं रवाना. चार सुया मोडल्या. बायकोच्या अंगठ्याला पुन्हा पट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बोट वाकणार नाही. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून लगेच हिशेबाला बसलो.

आले बावीस हजार. वेबसाइट बारा. कापड, वाळू, टेम्पो आठ. शिल्लक दोन हजार. स्वच्छ नफा! तडक जाऊन मशीनचं बुकिंग केलं. पैसे परत मिळणार नाहीत अशा अटीवर, कारण परत घ्यायचा प्रश्नच येत नाही. उरलेले वीस हजार चार दिवसांत उभे राहतील.

२९ मार्च

लॉजवाला बिलावर करनोंदणी क्रमांक मागतोय. फोन नंबर दिला.

३० मार्च, दुपार

त्याला तो चालला नाही. टक्केवारीला फोन केला. त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, भावजी, नोंदणी नसताना तुम्ही कर गोळा केलात? आणि ते दोन हजार कुठे आहेत?

मी सांगितलं, नफा होता, मशीनला दिला.

तो म्हणाला, नफा नव्हता, तो सरकारचा कर होता. त्यावर आता सहाशे दंड. वेबसाइटवर हे सगळं त्या पन्नासात तुमच्यासाठी कोणीतरी करत होतं.

माझ्यासाठी! मी फोन ठेवला. एकच गोष्ट डोक्यात येत राहिली, की चाळीस कासवांत आम्ही काहीच कमावलं नाही. अंगठा मात्र गेला. हे पान मुलीच्या हाती लागू नये.

३१ मार्च, सकाळी दहा

मशीन आलं.

दोन माणसांनी उचलून आत आणलं. मी त्यांना सांगितलं, गैरसमज झालाय, अजून वीस हजार द्यायचे आहेत. ते म्हणाले, पैसे पूर्ण भरलेत. पावतीवर बायकोचं नाव.

मग कळलं. तिने फेब्रुवारीतच त्याच वेबसाइटवर स्वतःच्या नावाने दुकान काढलं होतं. भावाने नोंदणी करून दिली, मुलगी फोटो काढते. किंमत पाचशे ऐंशी ठेवली, कमिशन आणि फी आधीच धरून. कर गिऱ्हाईक भरतं, वेबसाइट जमा करते, ती बघतसुद्धा नाही. त्रेसष्ट कासवं गेली. दंडाचे सहाशे आणि कराचे दोन हजारही तिनेच भरलेत, काल दुपारी.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही? ती सुई ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या लढाईचा निकाल लागेपर्यंत माझा अंगठा थांबला नसता."

मी दर कासवामागे साडेसव्वीसचा मुद्दा काढला. तर म्हणाली, "जातात की. उरतात त्यात मशीन आलं."

तत्त्वाच्या पातळीवर हे उत्तर नाही. नवीन मशीन जाड कापडातून लोण्यातून जावं तसं जातं. आवाज फार कमी आहे. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

२ एप्रिल, सकाळ

तिचं दुकान उघडून पाहिलं. 'आमच्याबद्दल' असा मजकूर आहे. 'मी आणि माझी मुलगी ही कासवं घरी शिवतो.'

बस. एवढंच. जागा कमी पडली म्हणावं, तर खाली अर्धं पान रिकामं आहे.

मुलीला म्हटलं, माझा उल्लेख राहून गेलाय. ती म्हणाली, बाबा, तू काय करतोस ते एका ओळीत लिहून दे, मी टाकते.

२ एप्रिल, दुपारी चार

अजून ओळ झालेली नाही. 'धोरण' लिहिलं, खोडलं. 'मार्गदर्शन' लिहिलं, खोडलं. बायको म्हणाली, बसलाच आहात तर ही वाळू चाळून द्या. चाळली. तीन घमेली.

३ एप्रिल, सकाळी सव्वाआठ

मजकूर बदललाय. 'मी आणि माझी मुलगी ही कासवं घरी शिवतो. माझे पती वाळू चाळतात.'

सात वेळा वाचलं. मुलीला 'वाळू'च्या आधी 'मुख्यतः' घालता येईल का विचारणार होतो, पण मग बाकी काय करतो तेही लिहावं लागेल. तरी 'काळजीपूर्वक' घालावं असा मेसेज केला आहे. तिने वाचलाय. उत्तर नाही.

दहा वाजता वाळू येणार आहे. चाळणी उन्हात ठेवली आहे.