माझ्या छपराचा पत्रा आणि गावाची दवंडी

प्रिय दादा,

एवढं लिहिलं आणि हातच थांबला. वयात आल्यापासून तुझ्याशी एक शब्द बोलले नाही मी, आणि आता एकदम पत्र! बहिणीनं भावाशी थेट बोलायचं नाही ही रीत मोडतेय, मला कळतंय. रागवायचं तर रागव. पाकिटावर नाव तुझ्या सुनेचं घातलंय. ती वाचून दाखवेल, तू आपला खिडकीबाहेर बघत बस, म्हणजे दोघांचीही लाज राहील.

गळ्याच्या ऑपरेशनची जखम भरली, पण आवाज गेला तो गेलाच, असं तुझा मुलगा फोनवर इनोकेला म्हणाला. शिवाय म्हणाला, बाबा गावी यायचं नावच काढत नाहीत. 'मुका दवंडीवाला गावाला काय कामाचा' असं कागदावर लिहून दाखवतात. वा रे वा! गावाला विचारलंस का? का तिकडे सुवा शहरात मुलाकडे बसून परस्पर ठरवून मोकळा झालास?

तुझ्यामागे इथं काय झालं ते ऐक. इनोके मुखिया झाल्यापासून त्याला काहीतरी नवं करायची खुमखुमी आहेच. पंचायतीत म्हणाला, आता दवंडी कशाला, फोनवर ग्रुप करू. आणि सगळं गाव एकाच ग्रुपमध्ये कोंबलं त्यानं, भाऊ, बहिणी, सगळे एकत्र! पहिलाच निरोप आला: पाण्याचा पाइप फुटलाय, शनिवारी कामाला कोण कोण येणार? कुणी उत्तरच देईना. देणार कसं? कुणाचा भाऊ वाचतोय, कुणाची बहीण वाचतेय, त्यांच्यादेखत लिहायचं म्हणजे तोंडावर बोलल्यासारखंच की! इनोकेला वाटलं गाव रुसलं. आम्हाला वाटलं, कुणीच हो म्हणत नाही म्हणजे काम रद्द झालं. शनिवारी पठ्ठ्या एकटाच फावडं घेऊन उभा. सिडनीत राहणाऱ्यांनी तेवढी त्याला ग्रुपवर लाल बदामाची चित्रं पाठवली. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

पण मग सेरेआना मावशी गेली. तिच्या मातीची वेळही इनोकेनं ग्रुपवरच टाकली. लोसाना मावशी त्या दिवशी डोंगरावर अळू काढत होती. तिच्याकडे कुठला आलाय फोन? दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, एका चटईवर बसून विणत म्हाताऱ्या झालेल्या. पाठीवर अळूचं ओझं घेऊन लोसाना खाली आली तेव्हा लोक कबरीवरून परतत होते. ती रडली नाही, दादा. ओझं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "मला कुणी हाक का नाही मारली?" तू असतास तर डोंगराच्या पायथ्याशी जाऊन ओरडला असतास. सगळ्यांना हेच वाटलं, आणि कुणाचीच मान वर होईना. इनोकेची तर नाहीच नाही.

त्या दिवसापासून जुनं सगळं आठवतंय. वहिनी होती तोवर तीच आपला टपालवाला. तुझं मला सांगायची, माझं तुला, आणि वर पदरचं तिखटमीठ लावायची. ती गेली आणि आपल्यातलं बोलणंच संपलं. राहिली फक्त तुझी संध्याकाळची दवंडी. पंचायतीचे निरोप सांगून झाले की शेवटी तू हळूच एक घुसडायचास, "ज्या घराच्या छपराचा पत्रा हलतोय त्यांनी वारं यायच्या आत ठोकून घ्यावा." गावात हलणारा पत्रा एकट्या माझा! बायका मला चिडवायच्या, "काय गं केलेरा, आज पंचायत तुझ्या छपरावर बसली होती म्हणे?" दुसऱ्या दिवशी तुझा मुलगा हातोडी घेऊन हजर. मी वरवर चिडायचे, पण संध्याकाळी चुलीवर काही असलं तरी ओट्यावर येऊन बसायचे.

माझे एमोसी होडीसकट गेले, ती दवंडीही तूच दिलीस. एवढा मोठा आवाज तुझा, त्यांच्या नावापाशी फाटला. मातीला तू पुरुषांच्या बाजूला माझ्याकडे पाठ करून बसलास. सगळं गाव माझ्या गळ्यात पडून रडलं, तू सोडून. मला राग नव्हता रे. तुझे खांदे हलत होते, ते मी पाहिले होते. उठून तुझ्यापाशी येऊन बसावंसं वाटलं, तेवढंही जमलं नाही. दवंडी संपली की घराघरातून "विनाका!" असा होकार जायचा, तेव्हाही माझंच घर गप्प. इतकी वर्षं तू बोलत राहिलास आणि माझ्याकडून तुला एक हूं नाही की चूं नाही.

तुझा आवाज बसायला लागलाय हेही गावात आधी मला कळलं. दोन शब्दांच्या मधे तू थांबायला लागलास, नावं गिळायला लागलास. इनोकेला म्हटलं, त्याला दवाखान्यात ने. तो हसला, "याकोना जास्त पितो तो, मावशी, बाकी काही नाही." वहिनी असती तर तिनं तुझा कान धरून नेलं असतं. मला तुझ्या दारात येऊन "दादा, ऊठ, चल" एवढे तीन शब्द म्हणता आले नाहीत. ते आता लिहितेय, आणि उशीर झालाय.

काल पंचायत बसली. दवंडी पुन्हा सुरू करायची यावर एकमत झालं. पण ती आपल्याच घराण्याची, आणि आपल्या घराण्यात गावात उरलीय कोण, तर मी. म्हातारे कुरकुरले, बाईमाणूस दवंडी देणार? तशी लोसाना मावशी दारातूनच कडाडली, "फोन बोललेला चालतो तुम्हाला, बाई बोललेली चालत नाही?" मग इनोकेनं माझ्यापुढे याकोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवून रीतसर विचारलं. मी म्हटलं, आधी ढोल, मग दवंडी. ढोल वाजवायला माझा भाऊ आला तर मी हाक देईन, नाहीतर तुमचा ग्रुप तुम्हाला लखलाभ. दादा, चर्चजवळचा तो लाकडी ढोल वाजवायला गळा लागत नाही, हात लागतात, आणि तुझे हात धडधाकट आहेत. तू ढोलापाशी बस, मी तुझ्याकडे पाठ करून गावातून हाक देत जाईन. मी गावाशी बोलेन, तुझ्याशी नाही. रीतही मोडायची नाही. हाक संपली की सगळे विनाका म्हणतील, तेव्हा तू ढोलावर एक टोला दे, मी समजेन. पुढच्या बोटीनं इनोके तुला न्यायला येतोय, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नकोस. आणि हो, माझ्या छपराचा पत्रा पुन्हा हलायला लागलाय.

तुझीच धाकटी,
केलेरा