तारांकित नसलेले विषय

पेडणे,
रविवार, सकाळी साडेदहा

प्रिय सेजल,

तुझा लिफाफा गुरुवारी पोचला. आतला कागद मी तीनदा वाचला. त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी आहे, पण तू आधी शेवट उघडू नकोस. धडा न वाचता खालचे प्रश्न बघणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे. तू त्यांच्यातली नव्हतीस, म्हणून तुला सगळं क्रमाने सांगते.

परवा विद्यापीठात गेले होते. तुझे खोके पाहून आले. चौदाच्या चौदा मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याखाली रचले आहेत, तुझ्याच अक्षरातली लेबलं भिंतीकडे तोंड करून. ती भिंत मागच्या पावसाळ्यात ओली होती, त्याचे डाग अजून आहेत. वरचा खोका उघडून बघितला. मोपाच्या सड्यावरची ती इवलीशी निळी फुलं, तू कागदावर चिकटवलेली, रंग अजून धरून आहेत. ज्या कातळावरून तू ती गोळा केलीस तिथे आता विमानं उतरतात, म्हणजे ती फुलं आता त्या खोक्यातच आहेत. डांबराच्या गोळ्या मागितल्या तर भांडारवाल्याने मागणीपत्र मागितलं, आणि मागणीपत्रावर केंद्रप्रमुखाची सही लागते म्हणाला. केंद्रच बंद झालं, तर प्रमुख कुठून आणू? बाजारातून गोळ्या घेऊन मीच टाकल्या. दोन महिन्यांत तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

नऊ वर्षं सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर तू पेडण्याचं वनस्पती उपकेंद्र चालवलंस. मी कार्यकारी परिषदेवर गेले तेव्हा तुझ्या आईने मला काजूच्या बिया आणून दिल्या आणि म्हणाली, “बाई, आतां तुमी थंय आसात न्हय, आतां आमकां भंय ना.” मी तिला रागावले. परिषद म्हणजे ओळखीपाळखीची जागा नव्हे, म्हटलं. बिया मात्र ठेवून घेतल्या. मनात मलाही तेच वाटत होतं, की मी तिथे आहे, तर भय नाही.

आता परिषद कशी चालते ते सांगते. तू विद्यापीठात होतीस, पण त्या दाराच्या आत कधी आली नाहीस. लांब टेबल, एकोणीस खुर्च्या, मधोमध कुलगुरू, त्यांच्या उजवीकडे कुलसचिव गोकुळदास. गोकुळदास वाईट माणूस नाही. आवाज कधी चढवत नाही, प्रत्येक नियमाचा क्रमांक त्याला पाठ. मी नवीन होते तेव्हा बैठक अकराला सुरू व्हायची आणि संध्याकाळी विषय क्रमांक नऊवर अडकलेली असायची. पदवीदानाच्या उपरण्याला कुठला रंग, यावर एकदा पावणेदोन तास गेले, माझ्या घड्याळाने. पुढचे पन्नास विषय मग माणसं उठता उठता, चपला शोधता शोधता मंजूर. मला ते सहन होईना. पस्तीस वर्षं मी घंटेवर काम केलेली बाई. मीच ठराव मांडला. ज्या सदस्याला ज्या विषयावर बोलायचं असेल त्याने बैठकीआधीच्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्या विषयापुढे तारा करून लेखी कळवावं. तारांकित विषयांवरच चर्चा. बाकीचे सगळे एका वाक्यात, एकगठ्ठा मंजूर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळदास म्हणाला, “बाई, हें आमकां पयलींच कित्याक सुचलें ना?” दुपारी दीडला बैठक संपू लागली आणि पातळभाजी-पाव गरम मिळू लागला. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

सत्तरीचे काशिनाथ शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत. एकदा त्यांचं ताऱ्याचं पत्र पाच वाजून दहा मिनिटांनी आलं. मुलींच्या वसतिगृहापर्यंत बस नेण्याचा विषय होता. कुलगुरू म्हणाले, दहाच मिनिटं आहेत, घेऊया. मी म्हटलं, दहा मिनिटं घेतली तर उद्या दहा तास घ्यावे लागतील. विषय चर्चेविना गेला, ‘तूर्त आवश्यकता नाही’ या शेऱ्यासह. मुली अजून तिठ्यापासून चालत जातात. जेवताना काशिनाथांनी माझ्या ताटात पाव वाढला फक्त.

आता फेब्रुवारीतल्या त्या बैठकीचं. सगळं झाल्यावर तू माझ्या सोप्यावर बसून रडत होतीस, आणि मी तुला म्हटलं होतं की कार्यसूची माझ्या हातात बुधवारी संध्याकाळी पडली, वेळच मिळाला नाही. तू मान हलवलीस. बाई म्हणतात म्हणजे तसंच. दुसऱ्या दिवशी तू म्हापशाला वकील रुद्रेशकडे गेलीस. तू जाशील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

कार्यसूची घेऊन बाबली येतो. हरमलचा, विद्यापीठाचा शिपाई, मोटरसायकलवर डाक वाटत पेडण्यापर्यंत. तो आला शुक्रवारी, बैठकीच्या बरोबर सात दिवस आधी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. चारशे बारा पानं, दोन भागांत. म्हणाला, “बाई, हें वाचपाक म्हाका वर्स जाय. तुमकां एक सांज पुरो.” त्याने पोचवही पुढे केली. मी सही केली, खाली तारीख घातली, वेळ घातली. तुलाही मीच शिकवलं होतं ना, वेळेशिवाय सही म्हणजे अर्धी सही? बाबलीला कोकमाचं सरबत दिलं. मग चष्मा पुसला, तांबडं पेन घेतलं आणि पान एकपासून सुरुवात केली.

पान एकपासून. चाळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. बाकीचे अठरा जण फक्त आपापल्या कामाचा विषय शोधतात, हे मला ठाऊक होतं आणि त्याची मला कीव यायची. पहिली सत्तर पानं मागच्या बैठकीचं इतिवृत्त. त्यात भाषेच्या चुका किती! शनिवार-रविवार मी त्या दुरुस्त करत बसले. एकतीस सापडल्या, त्यांची वेगळी यादी केली, तीही स्वच्छ अक्षरात. सोमवारी परीक्षा विभाग. मंगळवारी इमारतींचे नकाशे. ते मला कळत नाहीत, पण वाचले. बुधवारी जेवून पुन्हा बसले. विषय क्रमांक त्रेचाळीस, ‘उपकेंद्रांचे सुसूत्रीकरण’. शब्द बरा वाटला. तपशील परिशिष्टात, परिशिष्ट दुसऱ्या भागात, पान दोनशे सत्त्याऐंशी. मी क्रम मोडला नाही. तिथे क्रमाने पोचले तेव्हा तक्त्यात सहावी ओळ होती: पेडणे, वनस्पती, विसर्जित, पद संपुष्टात. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी फोन केला. गोकुळदासने उचलला. “सकाळीं पत्र दियात बाई, पळोवया.” पाहू म्हणाला, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने म्हापसा, तिथून डिचोली, तिथून रिक्षाने विद्यापीठाच्या पठारावर. दहा वाजता आवक खिडकीत पत्र दिलं. त्यांनी शिक्का मारला, तारीख आणि वेळेसकट. शुक्रवारी गोकुळदासने ते पत्र वाचून दाखवलं आणि त्याच आवाजात पुढे वाचलं की मुदतीनंतर आलेला तारा ग्राह्य नाही, ठराव अमुक, मांडणार श्रीमती पद्मावती. कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, वर्गात मुलं हसतात तसं. मी उभी राहिले आणि म्हटलं, नियम या एका विषयापुरता बाजूला ठेवा. कुलगुरूंनी चष्मा काढला. “बाई, हे तुम्हीच सांगताय?” काशिनाथ बोलले. एकटेच. “आयकूया मरे बाईंचें. पांच मिंटां वचतलीं, आनी कितें?” त्यांच्याकडे बघणं मला जमलं नाही. कुलगुरू म्हणाले, एकदा दार उघडलं की उघडलंच, बाईंनीच आपल्याला शिस्त लावली. मग गोकुळदासने वाक्य वाचलं: तारांकित विषय वगळून क्रमांक सहा ते एकसष्ट मंजूर. मी सवयीने घड्याळ बघितलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. इतिवृत्तात आता ‘सर्वानुमते’ असं लिहिलेलं आहे. माझा विरोध नोंदवा म्हटलं, तर ज्या विषयावर चर्चाच नाही त्यावर विरोध कसा नोंदवणार, तेही नियमात बसत नाही म्हणाले. मंजूर विषय सहा महिने पुन्हा आणता येत नाही. कुलपतींना मी चार पानी पत्र लिहिलं. ते ‘उचित कार्यवाहीसाठी’ विद्यापीठाकडे आलं. एप्रिलच्या कार्यसूचीत मला माझंच पत्र सापडलं, विषय क्रमांक अठ्ठावन्न, ‘माहितीस्तव सादर’. त्यावर मी वेळेत तारा केला. चर्चा झाली. परिषदेने पत्राची नोंद घेतली.

सेजल, कुणीही तुझ्यावर डूख धरून हे केलेलं नाही. कुणाला तुझं नावही ठाऊक नव्हतं. तक्त्यात फक्त पद होतं. एखाद्याने वैर केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. इथे कुणाच्या दारात उभी राहू? दार माझंच आहे.

काल बाबली आला होता, डाक नसताना. रुद्रेशने कागदपत्रं मागवली आहेत हे त्याने कचेरीत ऐकलं. पायरीवर बसून हळूच म्हणाला, “बाई, पोचवहीचें एक पान पिंजलें जाल्यार कोणाक कितें कळटलें? हांव सांगतां, बुधवारीं दिलें म्हूण.” माझ्यासाठी वहीचं पान फाडायला निघालेल्या या माणसाच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की शेजारची सोनम बाहेर आली. मग त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला कळलं की ओरडण्याआधी मी थोडा वेळ गप्प होते. तेवढ्या वेळात मी हिशेब केला होता, त्या पानावर आणखी कुणाकुणाच्या सह्या असतील याचा.

तर आता तुझा कागद. रुद्रेशने माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र व्यवस्थित केलंय, भाषेची एकही चूक नाही. ‘मला कार्यसूची बुधवारी सायंकाळी प्राप्त झाली.’ खाली रिकामी जागा आणि पेन्सिलीची फुली, इथे सही करा. मी सही करत नाही. ते खरं नाही, आणि शुक्रवार दुपार बारा दहा माझ्याच अक्षरात त्यांच्या वहीत आहे. उद्या ते वही पुढे करतील आणि न्यायालयात खोटी ठरशील तू, मी नव्हे. मंगळवारी याचिका दाखल होण्याआधी त्यातला सातवा परिच्छेद, कार्यसूची उशिरा मिळाल्याचा, काढून टाक. तो काढला की मागे फार काही उरत नाही, हे मला कळतं. टपाल मंगळवारआधी पोचणार नाही, म्हणून हे पत्र तुझ्या आईच्या हातून पाठवते आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू सांग, किंवा मला सांगायला लाव. सोबत तुझा कागद सहीविना परत आहे, आणि दुसरा, जे खरं झालं ते माझ्या अक्षरात लिहिलेला. रुद्रेश म्हणेल, याचा उपयोग नाही. मलाही तो दिसत नाही. परिषदेचा राजीनामा मी काल दिला. तो पुढच्या बैठकीत येईल, तारांकित नसलेल्या विषयांत, आणि एका वाक्यात मंजूर होईल. गोळ्या मात्र दर महिन्याला बदलाव्या लागतात. तेवढं मला करू देतील, आत सोडलं तर.

तू बोलली नाहीस तरी तुझीच,
पद्मावतीबाई
दुपारी १२.४०