वजनाचे पेढे

४ जुलै १९९६
शाळेत आज पोरांची वजनं केली. चौथीत सगळ्यात जास्त आमच्या मीनलचं! मान खाली घालून सांगत होती. मला वाटलं, लाजते. तिचा बाप आनंदा या वयाला दुष्काळात सरकारने वाटलेल्या सुकडीवर होता, बरगड्या मोजून घ्या. त्याची पोर अशी भरली, म्हणून कात्रपच्या नाक्यावरून पेढे आणले, बिल्डिंगभर वाटले. शेजारची कौसाबाई पेढा खाऊन हसली. हसू दे.

५ जुलै
घोटाळा झाला. सून सुनंदा कपाळाला हात लावून बसली. "आई, जाड मुलं कोण ते शोधायला वजनं केली. तिचं कमी करायचंय. आणि तुम्ही पेढे वाटले?"
आता डब्यात तळलेलं नको. भाकरी-भाजी द्या म्हणतात. आम्ही काय जन्मभर पुरणपोळ्या खाल्ल्या? मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या. दर शनिवारी सगळ्या वर्गासमोर काटा.

११ जुलै
खालची पोरं मीनलला 'पेढा' म्हणतात. जिन्यात वाट अडवतात. चप्पल काढून उतरले. पळाली. नाव मात्र राहिलं.

२० जुलै
सांगतात तशी भाकरी, पालेभाजी देते. डबा रिकामा येतो. वर विसळलेला असतो. घरात स्वतःचा पेला न उचलणारी पोर डबा कधीपासून धुवायला लागली? आणि जिना चढताना कठडा धरते. सून म्हणते, "फेऱ्यांनी दमते."

२२ जुलै
मधल्या सुट्टीला शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. मीनल आली, भाकरी गाईपुढे टाकली, नळावर डबा धुतला आणि पळायला गेली. मला पाहिलंच नाही.
व्यायामाचे महिपती सर भेटले. म्हणाले, "आजी, मीनलने मनावर घेतलंय."
"मनावर घेतलंय, पोटात काही घेत नाही. तुमच्या फाटकावरची गाय जाड व्हायला लागली."
सर हसले. "आजीला नातवंडं नेहमी उपाशीच दिसतात. लाडाने बिघडवू नका."
घरी पोरीला विचारलं. "शनिवारी काटा आहे," म्हणाली. बास, एवढंच.
सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, पेढे वाटणाऱ्या तुम्ही. तुमचं कोण खरं मानेल?"


२७ जुलै
ताट घेऊन मीनलसमोर बसते. म्हटलं, तू जेवशील तेव्हा मी जेवेन. दोन घास खाते, माझ्यावर उपकार केल्यासारखे. बाकीचं ताटात फिरवत बसते. आनंदा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "आई, सोड ना तिला. बारीक होतेय, चांगलं आहे." याला सुकडीसुद्धा द्यायला नको होती.

३१ जुलै
मीनलचा फ्रॉक खांद्यावरून उतरतो. सुनेने आज पिन लावली. पिन लावताना हात थांबला तिचा.

३ ऑगस्ट
मीनलचं वजन सगळ्यात जास्त उतरलं. पहिला नंबर. सरांनी तिला बाकावर उभं केलं, टाळ्या वाजवून घेतल्या आणि वर्गात पेढे वाटले. मी वाटले तेव्हा अडाणी ठरले.
तिने स्वतःचा पेढा घरी आणला. माझ्या हातावर ठेवला. "आजी, तू खा," म्हणाली आणि उंबऱ्यातच कोसळली.
सलाईन लावलंय. सून पायाशी बसली आहे. पेढा माझ्या पदराच्या गाठीत आहे.